केळीच्या सोपटाची गाठ

सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरात सुखदा आगाशेनं बंगलोरमध्ये, जे. पी. नगरातल्या एका घराची आवराआवर हाती घेतली. म्हटलं तर साधं काम. तिच्या नवऱ्याला, शुभंकरला, तिथल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागून पाच महिने झाले होते, आणि ते पाच महिने ती, तो आणि सहा वर्षांची सिद्धी अशा तिघांनी गेस्ट हाउसच्या एका खोलीत काढले होते. दसऱ्याच्या तोंडावर एकदाचं घर मिळालं. मालक नरसिंहराव तिकडच्या जुन्या मराठा घराण्यातले, आता दावणगेऱ्याला मुलाकडे राहणारे. या घरात त्यांची थोरली बहीण महानंदाक्का एकटी राहायची. ती मार्चमध्ये वारली.

किल्ली हातात देताना नरसिंहराव म्हणाले, "अक्कानं कधी काही टाकलंच नाही, बघा. शेवटी डोकं स्वल्प फिरलं होतं तिचं. तुम्हाला लागेल ते ठेवून घ्या, बाकी सगळं काढा. माझ्याच्यानं ते बघवणार नाही."

सुखदाला उलट आनंदच झाला. लग्नाआधी पुण्यातल्या एका वाचनालयात तिनं सहा वर्षं पुस्तकांची सूची केली होती. पसारा दिसला की तिचे हात शिवशिवायचे. पहिल्याच दिवशी तिनं पुढच्या खोलीच्या तीन कोपऱ्यांत तीन कागद चिकटवले: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. शुभंकर आठ वाजता ऑफिसला जायचा, साडेआठला सिद्धीची शाळेची बस यायची, आणि मग दुपारी साडेतीनपर्यंत घर तिचं एकटीचं.

घर खच्चून भरलेलं होतं. रिकाम्या बाटल्या, वर्तमानपत्रांच्या थप्प्या, पितळी डबे, तुटक्या छत्र्या, गोणपाटं. पण घाण नव्हती. सगळं पुसून, मांडून ठेवलेलं. वास होता तो डांबरगोळ्यांचा, आणि त्याच्या खालून आणखी एक, ओलसर, तुरट. तो कशाचा ते तिला तीन दिवस उमगलं नाही. चौथ्या दिवशी बाजारातून कच्ची केळी आणली, ती चिरताना हाताला चीक लागला आणि तिनं हात नाकाशी नेला. हाच तो वास. पण अंगणात केळीचं झाड नव्हतं. शेजारीपाजारीही नव्हतं.

मागच्या खोलीच्या माळ्यावर तिला गाठोडी सापडली. अकरा. प्रत्येक गाठोडं उशीएवढं, जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेलं, वर केळीच्या सोपटाचे तीन वेढे. गाठीचं टोक असं आत खोवलेलं की सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते कळू नये. तिकडे फुलवाल्या गजरे बांधतात तसलंच सोपट, वाळून तांबूस झालेलं. प्रत्येक गाठोड्याला एक चिठ्ठी टाचलेली आणि चिठ्ठीवर पेन्सिलीनं नाव. ज्योतिबा. सुनंदा. नरसिंहराव. आणखी आठ.

तिनं एका गाठोड्याच्या फटीतून आत पाहिलं. एक चप्पल. अर्धी झिजलेली साबणाची वडी. केस अडकलेला कंगवा. एक बनियन. काही मौल्यवान नाही, आणि कशाची जोडी नाही. एखादा माणूस सकाळी अंघोळ करून बाहेर पडला आणि त्याच्या मागे जे उरलं ते कुणीतरी गोळा केलं, असं काहीसं. सुखदानं सवयीनं आपल्या वहीत अकराही नावं लिहून घेतली, आणि गाठोडी द्यायच्या कोपऱ्यात नेऊन रचली.

त्या आठवड्यात दुपारी तिला आवाज यायला लागला. एक ते तीनच्या दरम्यान ती गल्ली अगदी निपचित पडायची. कुकरच्या शिट्ट्या थांबलेल्या, फेरीवाले गेलेले, नारळाच्या झावळ्यासुद्धा हलायच्या नाहीत. अशा वेळी मागच्या खोलीतून यायचा... चर्र. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा चर्र. लांब धांदोटी ओढून काढावी तसा. ती दोनदा उठून बघून आली. खोली रिकामी, माळा रिकामा, खिडकी बंद. कागदांत पाल असेल, असं तिनं ठरवलं. मात्र त्यानंतर ती दुपारी रेडिओ लावून काम करू लागली.

सोमवारी सकाळी मल्लाप्पा आला. त्याचं शिवाजीनगरला जुन्या सामानाचं दुकान होतं, शुभंकरच्या ऑफिसातल्या कुणीतरी नाव दिलं होतं. मूळचा निपाणीकडचा असल्यानं मराठी चांगलं बोलायचा. लगेज ऑटो फाटकाशी लावून त्यानं तासाभरात द्यायचा कोपरा रिकामा केला. ऑटो सुरू करता करता थांबला आणि एक गाठोडं हातात धरून परत आला.

"अक्का, हे राहू द्या तुमच्याकडे."

"का? तेही त्यातलंच आहे."

"बाकीची वाळलीत. हे ओलं आहे." त्यानं गाठोडं व्हरांड्याच्या पायरीवर ठेवलं आणि हात विजारीला पुसले. "आणि यावर नाव नाही."

तो गेल्यावर सुखदा पायरीवर बसली. मल्लाप्पानं नेली ती अकरा. हे बारावं. सोपट हिरवंगार होतं, नुकतंच सोललेलं, दाबलं की बोटाला चीक लागत होता. कापड मात्र तेच, तसल्याच धोतराचं. तिनं फट मोठी करून पाहिलं. निळी पट्टी असलेला पांढरा शाळेचा मोजा, एकच. गुलाबी क्लिप. अर्धी खाल्लेली पेन्सिल, तिच्या मागच्या टोकावर दातांचे बारीक ठसे.

सगळं सिद्धीचं होतं.

पोरीनं खेळता खेळता केलं असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. गाठोडी पाहिली असतील, नक्कल केली असेल. पण सहा वर्षांच्या मुलीला ती गाठ यायची नाही. तिला स्वतःलाही ती आली नसती. गाठोडं घरात न्यावंसं वाटेना. तिनं ते पायरीवरच राहू दिलं. सिद्धी आली की तिलाच विचारू.

साडेतीनला ती कोपऱ्यावर शाळेच्या बसपाशी गेली. बस आली, चार मुलं उतरली, सिद्धी नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, आधीच्या स्टॉपला उतरली, स्वतःहून. सुखदा पळत सुटली. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, छोटं गणपतीचं देऊळ, दूध केंद्र. ओळखीचं कुणी नव्हतंच, ज्याला विचारावं तो कन्नडमधून काहीतरी सांगायचा आणि हात भलतीकडे दाखवायचा. तिला स्वतःच्या श्वासापलीकडे काही ऐकू येईना. वीस मिनिटं गेली. मग पाऊण तास.

सिद्धी सापडली ती चार गल्ल्या पलीकडे, एका अनोळखी बंगल्याच्या फाटकाशी. पाठीला दप्तर, हात सरळ खाली सोडलेले. रडत नव्हती. सुखदानं तिला उचललं तेव्हा तिचं अंग ताठ होतं. मग एकाएकी ते सैल पडलं आणि तिनं आईच्या गळ्याला मिठी मारली.

"कुठे गेली होतीस गं..."

"मला घर आठवेना," सिद्धी म्हणाली. "कुठलंच घर आठवेना. आत्ता आठवलं."

त्या दोघी परतल्या तेव्हा व्हरांड्यात एक म्हातारी उभी होती. शेजारच्या घरातल्या कृष्णाबाई. पंधरा दिवस चिक्कोडीला लेकीकडे गेल्या होत्या, तासाभरापूर्वीच परतल्या होत्या. पायरी रिकामी होती.

"गाठोडं मी आत नेऊन ठेवलं," कृष्णाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आत्ताच, पाचेक मिनिटं झाली. उंबऱ्याबाहेर ठेवू नये ते. पोरगी... सापडली ना?"

सुखदानं सिद्धीला दूध देऊन पुढच्या खोलीत बसवलं आणि स्वयंपाकघरात कृष्णाबाईंच्या समोर बसली. संध्याकाळची वीज गेली. कृष्णाबाईंनीच फडताळातून मेणबत्ती शोधून लावली. त्यांना त्या घरातली जागान् जागा ठाऊक होती.

"अक्का ती गाठोडी बांधायची नाही," त्या म्हणाल्या. "तिला ती सापडायची. कधी माळ्यावर, कधी न्हाणीघरात. तिला वाटायचं, कुणीतरी हे घर आवरतंय. ज्याला जायचंय त्याचं सामान आधी बांधून ठेवतंय."

"कोण?"

"ते तिनं कधी पाहिलं नाही. पहिलं सापडलं तिच्या यजमानांचं. विठोजीराव यशवंतपूरच्या मालधक्क्यावर कारकून होते. तिनं पाहिलं, चिंध्या दिसल्या, दारावर आलेल्या बाईला देऊन टाकल्या. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले... ते गेलेच. अपघात नाही, आजार नाही, प्रेत नाही. स्टेशनावरच्या माणसांना विचारलं तर म्हणाले, इथं या नावाचा कुणी कारकून होता का?"

मेणबत्तीची ज्योत हलली नाही. मागच्या खोलीत काही वाजलं नाही. सुखदा कान देऊन होती.

"तेव्हापासून तिनं घरातून काडीही बाहेर जाऊ दिली नाही," कृष्णाबाई म्हणाल्या. "कुठल्या पसाऱ्यात कुणाचं काय असेल, सांगता येत नाही ना. भाऊ, पुतणे, भाचरं, जे जे इथं राहून गेले त्यांची गाठोडी निघाली. तिनं सगळी जपली. ते सगळे अजून आहेत, सुखाने आहेत. लोक तिला वेडी म्हणायचे." त्यांनी रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्या कोपऱ्यावरचा कागद मेणबत्तीच्या उजेडात वाचता येत होता. "ती अकरा कुठे आहेत, सुखदा?"

रात्री शुभंकरनं सगळं ऐकून घेतलं. त्यानं सिद्धीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "नवीन शहर आहे, पोर गोंधळली. बाकीचा कोइन्सिडन्स आहे, सुखदा. तू दमलीयस." गाठोडं सुखदानं आपल्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवलं होतं, आणि कपाटाची किल्ली मुठीत होती.

मंगळवारी सिद्धीला कृष्णाबाईंकडे ठेवून ती शिवाजीनगरला गेली. बस स्टँडच्या मागे, मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांच्या रांगेत मल्लाप्पाची वखार होती. आत तीन बायका कपडे निवडत बसल्या होत्या. सहा गाठोडी अजून तशीच होती. पाच सोडली होती. धोतराचे तुकडे पोछ्यांच्या ढिगात गेले होते, चपला चपलांत, कंगवे कुठे गेले कुणास ठाऊक. जमिनीवर सोपटाचे तुकडे आणि पायदळी आलेल्या चिठ्ठ्या. सुखदा गुडघ्यांवर बसून त्या वेचू लागली. चार मिळाल्या. पाचवं नाव तिला वहीवरून कळलं.

चपलांच्या ढिगाऱ्यातली कुठली चप्पल कुणाची, हे आता कोण सांगणार? तरी तिनं दोन तास घालवले. आधी तिला हसणाऱ्या बायका हातातलं काम सोडून तिच्याकडे बघत राहिल्या. शेवटी मल्लाप्पानंच तिला उठवलं.

"सहा घेऊन जा, अक्का. मला त्याचं काही नको." त्यानं गाठोडी स्वतः रिक्षात ठेवली. मग जरा घुटमळला. "काल रात्री वखारीत आवाज येत होता. काहीतरी सोलल्यासारखा. तो पण घेऊन जा म्हणजे झालं."

वेचलेल्या चिठ्ठ्यांत पहिलं नाव नरसिंहरावांचं होतं.

घराजवळच्या एसटीडी बूथवरून तिनं दावणगेऱ्याला फोन लावला. त्यांचा मुलगा सुरज फोनवर आला.

"मी सुखदा आगाशे. बंगलोरहून बोलतेय, तुमच्या आत्याच्या घरात राहते. बाबा आहेत का?"

"बाबा सकाळी फिरायला गेलेत. येतील इतक्यात. नेहमी आठपर्यंत येतात."

काचेच्या दारावरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"सुरज, त्यांना शोधायला जा. आत्ता जा."

"कुणाला?" सुरजनं विचारलं. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, घाईही नव्हती. नुसतं नवल होतं. "सॉरी हं, तुम्ही कुणाबद्दल बोलताय?"

तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला. बूथवाला पैसे मागत होता ते तिला दुसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं.

त्यानंतर त्या घराचं भाडं मागायला कुणी आलं नाही. शुभंकरनं दोन वेळा दावणगेऱ्याला पत्र टाकलं, दोन्ही परत आली. मालक कोण होते ते नाव त्याला नीटसं आठवायचं नाही. नृसिंह काहीतरी, म्हणायचा. सुखदाला आठवायचं, कारण ते तिच्या वहीत होतं. रोज सकाळी ती ती पाच नावं मोठ्यानं वाचायची. त्याचा काही उपयोग होता का, तिला माहीत नव्हतं. पण तिनं ज्यांना घराबाहेर काढलं त्यांच्यासाठी जगात दुसरं कुणी काही करणारं उरलं नव्हतं.

मार्चमध्ये कंपनीनं शुभंकरला नवा फ्लॅट देऊ केला. तिसरा मजला, लिफ्ट, खाली मुलांना खेळायला बाग. सुखदाला त्या घरातून निघायचं होतंच, रोज निघायचं होतं. ट्रक आला, सामान चढलं. अक्काची सहा गाठोडी तिनं कृष्णाबाईंना सांगून माळ्यावरच ठेवली, त्या रोज येऊन बघणार होत्या. सिद्धीचं तेवढं तिनं पदराखाली धरलं. मांडीवर घेऊन बसेन, नव्या घरात पाऊल टाकलं की आधी ते आत नेईन, असं तिनं मनाशी शंभर वेळा घोकलं होतं. रस्त्याचा प्रश्न फक्त वीस मिनिटांचा होता.

सिद्धी अंगणात एकटीच ठिक्कर खेळत होती. सुखदानं एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. मग दुसरा.

सिद्धीनं वर पाहिलं. तिनं फ्रॉक नीट केला, परक्या माणसासमोर करतात तसा.

"काकू," ती नम्रपणे म्हणाली, "माझी आई तुमच्याकडे आलीये का?"

सुखदा उलट्या पावली आत गेली. भिंतीला पाठ टेकेपर्यंत आत गेली. बाहेरून हाक आली, "आई, मी ट्रकमध्ये पुढे बसणार हं."

संध्याकाळपर्यंत सगळं सामान पुन्हा आत आलं होतं. शुभंकर पाच दिवस तिच्याशी बोलला नाही. सहाव्या दिवशी बोलला तो एवढंच, "किती वर्षं राहायचं असं?" हळूहळू घर पुन्हा भरत गेलं. रिकाम्या बाटल्या, जुने मोजे, तुटलेली छत्री. काय टाकावं आणि काय नाही, हे तिला ठरवता येईना, तेव्हा तिनं काहीच टाकायचं नाही असं ठरवलं. तीन कोपऱ्यांतले कागद कधीच काढून टाकले होते, म्हणजे घडी करून फडताळात ठेवले होते. पाहुणा म्हणून ती कुणाला बोलवायची नाही. सासूबाईंनी चार दिवस येते म्हणून पत्र लिहिलं, तर तिनं कळवलं की पाण्याचे हाल आहेत.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात तिला दिवस गेले. तिसरा महिना लागेपर्यंत तिनं शुभंकरलाही सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा त्यानं कितीतरी दिवसांनी तिचा हात हातात घेतला. डॉक्टरांनी फेब्रुवारीतल्या एका बुधवारी चार वाजता सोनोग्राफीला बोलावलं होतं. शुभंकर अर्धी रजा टाकून येणार होता.

त्या बुधवारी दुपारी ती मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होती. धुण्याच्या दगडामागे, भिंतीच्या सांदीत, काहीतरी पांढरं दिसलं. ओढणी पडली असेल म्हणून ती वाकली.

गाठोडं मुठीएवढंच होतं. धोतराचा तुकडा, वर सोपटाचे तीन वेढे. तिनं ते उचललं आणि धावत आत नेलं, मागचं दार लावलं, कडी घातली, आणि जमिनीवर बसून फटीतून पाहिलं. लोकरीचं एक इवलंसं टोपडं. काळ्या मण्यांची एक मनगटी. दुधाचा वास असलेला फडक्याचा तुकडा. टोपडं कुणीतरी घातलेलं, वापरलेलं होतं. आतल्या बाजूला बारीक, सोनेरी जावळ चिकटलेलं होतं.

बाहेर फाटकाशी रिक्षा थांबली. शुभंकर तिला हाका मारत आत येत होता, उशीर होतोय म्हणत होता.

"कुठे जायचंय?" तिनं विचारलं.

शुभंकर दारात थांबला. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि कपाळाला हात लावून आठवू लागला.

सुखदानं अंगठ्यानं सोपट दाबलं. चीक लागला नाही. ते पार वाळलेलं होतं, तांबूस, कडक, कितीतरी दिवस उंबऱ्याबाहेर पडून राहिलेलं. नुसत्या दाबानं त्याचा एक वेढा मोडला.